पट्टीबाईंचं शून्य

पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात पट्टीबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी त्या प्रथमोपचाराच्या खोलीत रुजू झाल्या, पहिल्याच आठवड्यात त्यांनी चौदा बोटांना पट्ट्या बांधल्या, आणि नाव पडलं ते पडलं. खोली म्हणायलाही लाज वाटावी अशी ती जागा: एक लोखंडी पलंग, एक बेसिन, काचेचं कपाट आणि खिडकीतून दिसणारी सायकलींची शेड. पण तिथे बसून त्यांनी माणसाच्या स्वभावाचा अभ्यास मात्र भरपूर केला होता, आणि त्याचा निष्कर्ष फारसा चांगला निघाला नव्हता. माणूस शहाणा असतो तो जखम ओली असेपर्यंत, असं त्यांचं मत होतं. खपली धरली की ये रे माझ्या मागल्या.

त्यांचा सगळ्यात मोठा राग होता तो शपथा घेणाऱ्यांवर. "बाई, आजपासून हातमोज्याशिवाय पत्र्याला हात लावणार नाही, आईशप्पथ!" असं कोणी म्हणालं की त्या कापूस जरा जास्तच जोरात दाबत.

"आईला कशाला मध्ये आणतोस? तिनं काय पाप केलंय?"

उपदेश करून त्यांनीही पाहिला होता. ग्राइंडरवर चष्मा न लावता काम करणाऱ्यांच्या डोळ्यांतून लोखंडाचे कण काढून काढून त्या थकल्या. ओरडून झालं, आंधळ्या माणसांच्या गोष्टी सांगून झाल्या, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एक दिवस त्या ग्राइंडरपाशी जाऊन अर्धा तास नुसत्या उभ्या राहिल्या. चष्मे कुठे होते? शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, स्टोअरच्या कपाटात, कुलपात. किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि स्टोअरकीपर चहाला. पट्टीबाईंनी म्हाताऱ्या फिटरकडून ग्राइंडरच्या स्विचच्या वर एक खिळा ठोकून घेतला आणि चष्मा त्याला असा टांगला की तो उचलल्याशिवाय स्विचला बोटच लागेना. महिन्याभरात डोळ्यात कण गेलेला माणूस बघायला मिळेनासा झाला. कोणी शपथ घेतली नव्हती की टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"माणूस वाईट नसतो हो, आळशी असतो," त्या फिटरला म्हणाल्या. "आळशाला ज्ञान पाजू नये, त्याच्या वाटेत खिळा ठोकावा."

फिटर नुसता हसला. तो फारसं बोलत नसे, म्हणून पट्टीबाईंना कारखान्यातला तो एकटाच माणूस बरा वाटायचा.

आणि मग सुरक्षा अधिकारी म्हणून एक साहेब आले. वय बत्तीस-तेहतीस, शर्टाची इस्त्री अशी की घडीवर बोट कापावं, आणि गाठीला माणसाच्या प्रेरणेवरचं पाच दिवसांचं प्रशिक्षण. पाच दिवसांत माणूस पोहायलाही शिकत नाही, पण हे गृहस्थ माणसाचं मन शिकून आले होते. पहिल्याच सभेत त्यांनी बोट वर करून सांगितलं, "कुठलीही सवय लागायला फक्त एकवीस दिवस पुरतात." पट्टीबाईंचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता आणि महिन्यातून आठच दिवस घरी असायचा, तेवढ्या आठ दिवसांत तरी पलंगावर ओला टॉवेल टाकू नये, ही सवय त्याला लावायला तेवीस वर्षं पुरली नव्हती. त्या मागच्या रांगेत बसून जांभई देत राहिल्या.

साहेबांचं नाव प्रेरणासाहेब पडलं. मग त्यांच्या कल्पनांना ऊत आला. रोज सकाळी आठ वाजता अडीचशे माणसं उजवा हात वर करून सुरक्षेची शपथ घेऊ लागली. त्यात एखाद-दुसरं पेर कमी असलेले हातही इमाने-इतबारे वर जात. भिंतींवर पोस्टरं लागली. त्यांतला कामगार इतका गोरागोमटा आणि हसरा होता की त्यानं जन्मात पत्र्याला हात लावलेला नसणार. महिन्याच्या सुरक्षावीराला छातीवर लावायला बिल्ला मिळू लागला, आणि तो बिल्ला टोचून एक जण पट्टीबाईंकडे आला, त्या दिवशी त्या पोट धरून हसल्या.

या सगळ्यावर कळस म्हणजे फलक. गेटसमोर हिरवा फलक, त्यावर पांढरी अक्षरं: 'अपघातमुक्त दिवस'. खाली तीन आकडे, खिळ्यांवर टांगलेल्या पत्र्याच्या पाट्यांचे. तीनशे पासष्ट भरले की प्रत्येक कामगाराला सहकुटुंब तीन दिवसांची सहल, डोंगरातल्या तळ्याकाठच्या हॉटेलात. एकाला जरी जखम झाली आणि ती नोंदली गेली, की पुन्हा शून्य. सकाळच्या शपथेनंतर स्टुलावर चढून आकडा बदलायचं काम अर्थातच पट्टीबाईंवर आलं, कारण जखमांची वही त्यांच्याकडे होती.

फलक लागला आणि तीन महिन्यांत पट्टीबाईंची खोली ओस पडली. कापसाचं एक बंडल पूर्वी पंधरवड्यात संपायचं, ते आता दोन महिने पुरू लागलं. प्रेरणासाहेबांनी त्याचा आलेख काढला, रंगीत, उतरत जाणारा, आणि वरच्या साहेबांना दाखवून शाबासकी मिळवली. त्याच सुमारास स्टोअरकीपर कुरकुर करायला लागला की वायरीला गुंडाळायची काळी चिकटपट्टी कुठे जाते कळत नाही, डझनाचा खोका आठवड्यात संपतो. पट्टीबाईंना कळायला वेळ लागला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे तर मुठीवर अख्ख्या कारखान्याची सहल टांगलेली. त्या सरळ प्रेरणासाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, जखमा कमी नाही झाल्या. माझ्याकडे यायच्या थांबल्यात."

"बाई, तुमचा दृष्टिकोन नकारात्मक आहे," साहेब गोड हसून म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पट्टीबाईंच्या काचेच्या कपाटावर एक हसऱ्या तोंडाचा पिवळा गोल चिकटलेला होता. त्यांनी तो नखानं खरवडून काढला.

इथवर पट्टीबाई शहाण्या आणि बाकी सगळे मूर्ख, असं चित्र दिसतं, आणि पट्टीबाईंनाही ते तसंच दिसत होतं. पण तीनशेचा आकडा लागला तसं त्यांच्या घरातलं वारं बदललं. मुलांनी पोहायच्या रबरी टायरसाठी हट्ट धरला. सासूबाईंनी पेटीतला स्वेटर काढून उन्हात टाकला. चाळीस वर्षांत त्या दवाखाना सोडून कुठे मुक्कामाला गेल्या नव्हत्या. त्यांचा दीर त्याच कारखान्यात चार नंबरच्या प्रेसवर होता, तो रोज रात्री जेवताना "आता राहिले इतके" असं मोजून दाखवायचा. आणि पट्टीबाई स्वतः? तीन दिवस दुसऱ्याच्या हातचा आयता चहा, हा विचार आला की त्यांना स्टुलावर चढताना गुडघाही दुखत नसे. तोंडानं त्या फलकाला शिव्या देत आणि मनात दिवस मोजत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तीनशे छप्पन्नाव्या दिवशी रात्री दीर जेवायला बसला तेव्हा त्याच्या उजव्या हातात हातमोजा होता. "ग्रीस जात नाहीये," असं म्हणून त्यानं चमचा डाव्या हातात घेतला. अठरा वर्षं बोटं बघितलेल्या बाईला हे कळायला किती वेळ लागणार? पट्टीबाईंना ते वाढता वाढताच कळलं. त्यांनी वाटी खाली ठेवली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात धाकट्यानं विचारलं, "आई, तळ्यात मासे असतात का?" पट्टीबाईंनी तोंड मिटलं. साधं खरचटलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या माणसानं त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी त्याचे वाभाडे काढले असते.

तीनशे सत्तावन्न. तीनशे अठ्ठावन्न. तीनशे एकोणसाठ. तिन्ही सकाळी त्या स्टुलावर चढल्या, पाटी बदलली आणि खाली उतरल्या. दीर शपथेच्या रांगेत हातमोजा घातलेला हात वर करून उभा असायचा, आणि त्या तिकडे बघायचं टाळायच्या. घरी त्याचं बोलणं कमी झालं होतं. तिसऱ्या रात्री तो जेवलाच नाही.

तीनशे साठाव्या दिवशी सकाळी त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. अंगात ताप होता. सासूबाई बटण लावायला गेल्या आणि त्यांचा हात लागताच हा एवढा मोठा बाप्या कळवळून खाली बसला.

"भाऊजी, हात इकडे करा," पट्टीबाई म्हणाल्या.

"काही नाही वहिनी, जरा..."

"करा म्हणते ना!"

हातमोजा कातरीनं कापावा लागला. मधल्या बोटाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, कडांनी फुगून वर आलेलं मांस, आणि असा वास की सासूबाई पदर नाकाला लावून बाहेर गेल्या. पट्टीबाईंनी चिकटपट्टी सोडवली नाही. तशाच त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेल्या. त्या दिवशी कारखान्यात आकडा कोणीच बदलला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार बोलत नव्हत्या. वरचं पेर काढावं लागेल, नाहीतर विष तळहातात उतरेल, एवढं सांगून त्यांनी सही घेतली. जाता जाता म्हणाल्या, "तीन-चार दिवस आधी आणलं असतं तर बहुतेक वाचलं असतं." हे वाक्य त्या रोज कोणाला ना कोणाला म्हणत असतील. पट्टीबाईंनी बाकावर बसून बोटांवर रात्री मोजल्या. चार भरल्या.

संध्याकाळी दीर घरी आला, हाताला पांढरी शुभ्र पट्टी, जी पट्टीबाईंनी बांधलेली नव्हती.

"वहिनी, वहीत लिहू नकोस," तो पहिलं वाक्य हेच बोलला. "पाच दिवस राहिलेत. अडीचशे माणसं माझ्या नावानं खडे फोडतील."

"दारात चेमटलं म्हणून सांग ना," सासूबाई म्हणाल्या. "दार काय साक्ष द्यायला येणार आहे? पोराचं बोट गेलं ते गेलं, आता निदान लोकांचे तळतळाट तरी नकोत."

पट्टीबाई दिराजवळ बसल्या आणि अठरा वर्षांत कोणालाच न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. "नेमकं काय झालं, भाऊजी? बटण बांधलं होतंत ना?"

चार नंबरचा प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच खाली यावा, अशी त्याची रचना होती. दोन्ही हात बटणांवर म्हणजे दोन्ही हात साच्याबाहेर. पण एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधून ठेवलं की एक हात मोकळा होतो. सगळेच बांधायचे. पट्टीबाई समजत होत्या की घाई म्हणून बांधतात, माज म्हणून बांधतात.

"बांधलं होतं," दीर म्हणाला. "पत्रा अडवायची पिन झिजलीय, सात महिने झाले. पत्रा सरकतो, एक हात त्याच्यावर ठेवावाच लागतो. दोन बटणांना दोन हात, पत्र्याला तिसरा कुठून आणू?"

"मग सांगितलं नाहीत?"

"तीनदा चिठ्ठी दिली प्रेरणासाहेबांना."

"पुढं काय झालं?"

"पोस्टर आलं."

पट्टीबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्हींची त्यांना चीड आली. आजार रेड्याला, औषध पखालीला. बोटभर लोखंडाची पिन बदलायच्या जागी अडीचशे माणसांची मनं बदलायला निघालेले हे दीडशहाणे! आणि त्यांच्या फलकाचे आकडे स्वतःच्या हातानं लावत होतं कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी शपथ संपली. पट्टीबाई स्टुलावर चढल्या, तीन, पाच आणि नऊ या पाट्या काढून काखेत घेतल्या, आणि एकामागोमाग एक तीन शून्यं लावली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "घरचीच जखम लिहिली! बाई आहे का कोण!" प्रेरणासाहेबांचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा झाला होता. पट्टीबाई उतरल्या आणि स्टूल उचलून चालू लागल्या. दुपारी डबा खायला त्यांच्या टेबलावर कोणीही बसलं नाही.

फिटर तेवढा आला, पण बसायला नाही. "चार नंबरला पिन घातली नवी," म्हणाला. "वीस मिनिटांचं काम." आणि गेला. त्या दुपारी चार नंबरवर बदली आलेल्या माणसानं ट्यूबची पट्टी सोडून कचऱ्यात टाकली. पत्रा सरकत नव्हता, बटण बांधून करायचं काय? साहेबांच्या आलेखात या गोष्टीला कुठे जागा नव्हती.

तीन वाजता चहाची शिटी झाली आणि पट्टीबाईंच्या दारात पॅकिंगचा एक माणूस येऊन उभा राहिला. अंगठ्यापासून कोपरापर्यंत भाजलेलं, अकरा दिवसांचं जुनं.

"आता काय, शून्यच झालंय," तो खजील होऊन म्हणाला. "म्हटलं दाखवून टाकावं."

त्याच्या मागे दुसरा होता. दुसऱ्याच्या मागे बॉयलरवाला, त्याच्या मागे दोन बायका, एकीचं नख काळंनिळं, दुसरीच्या पायाला चिकटपट्टी. रांग बेसिनपासून सायकलींच्या शेडपर्यंत गेली. पट्टीबाईंनी कापसाचं बंडल फोडलं आणि वही उघडली. वहीत 'कारण' असा एक रकाना होता, आणि त्यासाठी प्रेरणासाहेबांनी खास रबरी शिक्का करून दिला होता: 'कामगाराचा निष्काळजीपणा'. पट्टीबाईंनी तो शिक्का खणात टाकला आणि प्रत्येकाला विचारत, हातानं लिहायला सुरुवात केली. तेल गळतं, खाली ट्रे नाही. हातमोजे एकाच मापाचे, बायकांच्या हाताला ढगळ. बॉयलरच्या झडपेची मूठ तुटलेली, म्हणून फडक्यानं फिरवावी लागते. अठरा वर्षं ही माणसं त्यांच्यासमोर बसत होती आणि त्यांनी त्यांना फक्त रागावलं होतं.

सतरावं नाव लिहून होतंय तोवर प्रेरणासाहेब रांग कापत आत आले. त्यांनी वहीत डोकावलं आणि कपाळाला हात लावला.

"एका दिवसात सतरा अपघात! बघितलंत बाई? बक्षीस गेलं आणि माणसांची प्रेरणाच खचली."

अशा माणसाला काय बोलायचं? साहेबांनी खिशातून एक छापील फॉर्म काढला. पेर कापावं लागलं म्हणजे मोठा अपघात, त्याचा वेगळा अहवाल मुख्य कचेरीला जायचा होता, आणि तो आजच हवा होता. पट्टीबाईंनी पलंगावर बसलेल्या बाईला जरा थांबायला सांगितलं आणि फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, प्रेस क्रमांक. कारण: पत्रा अडवायची पिन झिजलेली, तीन चिठ्ठ्या देऊनही बदलली नाही. साहेबांनी ओठ चावला, पण रांग बघत होती, म्हणून गप्प बसले.

शेवटचा रकाना होता: 'जखम प्रथम कोणाच्या निदर्शनास आली व केव्हा'. पट्टीबाईंनी तिथे कालची सकाळ लिहिली. लिहून झाल्यावर पेन तसंच हातात राहिलं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य त्यांच्या कानात होतं. मग त्यांनी ती तारीख आडव्या रेघेनं खोडली आणि शेजारी चार रात्री आधीची घातली. पुढे स्वतःचं खरं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, जे कारखान्यात कोणी कधी घेत नसे. आणि खाली एक ओळ: 'जेवताना दिसली. सहल बुडू नये म्हणून विचारलं नाही.'

प्रेरणासाहेबांनी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. मग वाकून, रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "बाई, हे कशाला लिहिलंत? नोकरीवर येईल तुमच्या. कोणाला कळलं नसतं."

"साहेब," पट्टीबाई म्हणाल्या, "बाजूला व्हा. माणसं खोळंबलीत."